आकाशवाणीची आवाजचाचणी

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या, पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकांत, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचावा म्हणून ज्याचा कंठ घडला, अशा कोहमारा गावाच्या आसमंतातील नटाने १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीच्या आवाजचाचणीस जाण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे की, मायक्रोफोनला स्वराची उंची नव्हे, तर भावाची स्पष्टता हवी असते. मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर, किंचित तिरपे उभे राहावे, म्हणजे 'प' आणि 'फ' यांचा श्वास यंत्रावर आदळत नाही. संहिता हाती येताच श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणवाव्यात. सळसळ टाळण्यासाठी पाने सुटी ठेवावीत. झाडीबोलीचा हेल मात्र, माझ्या मते, कायमचा दडपू नये. प्रमाण भाषेतील उतारा निर्दोष वाचून झाल्यावर, परीक्षकांच्या परवानगीने, बोलीतील एखादे स्वगतही अवश्य सादर करावे.