कचेरीतले श्रवणसुख

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. आजच्या बाजारात ते फेरफटका मारते, तर ‘हेडफोन पाहावा निवडून’ अशी पुस्ती त्यांनी खात्रीने जोडली असती. दुकानात जावे तर शेकडो नमुने, प्रत्येकावर न समजणारे आकडे, आणि किंमत काही शेकड्यांपासून थेट लाखापर्यंत! दिवाळीचा बोनस हाती आलेला नोकरदार माणूस अशा वेळी एक तर सर्वांत महाग वस्तू घेऊन येतो, नाही तर गोंधळून रिकाम्या हाताने परततो.

हेडफोन ही काही काल-परवाची वस्तू नव्हे. १९१० साली अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने स्वयंपाकघरात बसून केलेले हेडफोन तिथल्या नौदलाने विकत घेतले. पुढे १९५८ साली जॉन कॉस याने दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज देणारा स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला, आणि गाणे एकट्याने ऐकण्याची हौस सुरू झाली. आज ही हौस कचेरीत येऊन पोहोचली आहे. भिंती नसलेले मोठे दालन, डोक्यावर घरघरणारे वातानुकूलन यंत्र, शेजारच्या टेबलावर चाललेले फोन. या गलबल्यात आठ तास संगणकापुढे बसणाऱ्याला दोन घटका मालकंस ऐकावासा वाटला, तर त्यात गैर काय?

पण त्यासाठी काय काय घ्यावे? संगणकातले गाणे म्हणजे मुळात आकड्यांची रास. त्या आकड्यांचा विजेचा तरंग करते ते यंत्र ‘डॅक’. त्या तरंगाला बळ देतो तो ॲम्प्लिफायर, आणि त्याचा आवाज करतो तो हेडफोन. सर्वांत शेवटी आपला कान. माझे सांगणे एवढेच, की खरेदीचा विचार संगणकापासून सुरू करू नका. कानापासून मागे मागे जा.

आधी हेडफोन

आवाजात सर्वांत मोठा फरक पडतो तो हेडफोनने. त्यात दोन जाती आहेत. एक पाठ उघडी असलेली. १९६८ साली जर्मनीच्या सेन्हायझर कंपनीने ‘एचडी ४१४’ काढला, तेव्हापासून ही जात लोकप्रिय झाली. तिचा आवाज मोकळा, एखाद्या दिवाणखान्यात बसून ऐकल्यासारखा. परंतु आपण ऐकतो ते गाणे शेजाऱ्यालाही ऐकू जाते, आणि शेजाऱ्याचे बोलणे आपल्याला! घरी ती उत्तम. कचेरीत मात्र बंद पाठीचा हेडफोनच हवा.

तो निदान अर्धा तास डोक्यावर ठेवून पाहावा. चष्मा असेल तर चष्म्यासकट. दुकानात पाच मिनिटे हलका वाटणारा हेडफोन दुपारी तीन वाजता कानशिले दाबू लागतो. मुंबईसारख्या दमट हवेत कातडीसारख्या गाद्यांखाली कान घामेजतात. तिथे मखमली कापडाच्या गाद्या सुखाच्या, मात्र त्यांतून थोडा आवाज झिरपतो.

बाहेरचा आवाज खोडून काढणाऱ्या हेडफोनचा आता फार बोलबाला आहे. त्याची कल्पना अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात सुचली. हे बोस म्हणजे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका बंगाली स्वातंत्र्यसैनिकाचे चिरंजीव. बाहेरच्या आवाजाच्या नेमका उलटा तरंग निर्माण करून हे यंत्र त्याला मारते. विमानाची वा वातानुकूलन यंत्राची एकसुरी घरघर त्याला छान जमते; शेजारच्या टेबलावरच्या गप्पा तितक्याशा जमत नाहीत, हे लक्षात ठेवूनच पैसे मोजावेत. शिवाय बिनतारी हेडफोनमध्ये डॅक आणि ॲम्प्लिफायर पोटातच असतात. तो बिनतारी वापरायचा, तर वेगळा डॅक घेणे म्हणजे भरल्या घागरीवर पाणी ओतणे.

मग बाकीची यंत्रे

हेडफोनच्या खोक्यावर ‘ओहम’ या नावाने एक आकडा असतो. हा विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा. बायरडायनॅमिक कंपनीचा ‘डीटी ७७०’ हा बंद पाठीचा हेडफोन ३२, ८० आणि २५० अशा तीन ओहमांत मिळत आला आहे. संगणकाला थेट जोडायचा असेल तर ३२ चा घ्यावा. २५० चा घेतला तर साध्या लॅपटॉपवर तो दबक्या आवाजात गातो, आणि मग ॲम्प्लिफायरचा खर्च मागे लागतो.

राहिला डॅक. माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने हेडफोनच्या दुप्पट किमतीचा डॅक घेतला आणि एके दिवशी तोंड पाडून म्हणाला, “मॅडम, गाणं पहिल्यासारखंच येतंय हो!” मी म्हटले, “अरे, डॅक तुझ्या संगणकात आधीपासूनच होता की!” खरोखर, प्रत्येक संगणकात तो असतोच. प्रश्न एवढाच, की तो स्वच्छ आहे का? त्याची परीक्षा फुकट होते. गाणे थांबवून आवाजाचे बटण हळूहळू वर न्यावे आणि कान द्यावा. शांतता असेल तर पैसे खिशात राहू द्यावेत. सूं-सूं किंवा माउस हलवताना किरकिर ऐकू आली, तर बाहेरून जोडायचा अंगठ्याएवढा डॅक कामी येतो. पुष्कळदा त्यातच ॲम्प्लिफायरही असतो. परीक्षा संपताच आवाज पुन्हा खाली आणण्यास विसरू नये. आणि कचेरीच्या संगणकाला बाहेरची वस्तू जोडण्यापूर्वी संबंधित विभागाची परवानगी घ्यावी. अनेक ठिकाणी त्यास मनाई असते.

गाण्याच्या प्रतीबद्दल फार घोर नको. १९८२ साली आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतले जाते, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसते. माणसाच्या ऐकण्याची वरची मर्यादा सेकंदाला २०,००० कंपने. चाळिशीनंतर तीही बरीच खाली येते. तेव्हा सीडीच्या तोडीची प्रत कानाला पुरून उरते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवरचे बालगंधर्वांचे पद त्याहून महागड्या प्रतीत घेतले, तरी जे मूळ तबकडीत नाही ते येणार कुठून?

निवड करताना तानपुरा ऐकावा. जवारीचा झंकार सुटा सुटा ऐकू येतो का? डग्ग्याची घुमक गोल आहे, की नुसता धबधबाट? मात्र दोन हेडफोन ताडून पाहताना आवाज सारखा ठेवावा. किंचित मोठा वाजतो तोच अधिक गोड वाटतो, आणि इथेच गिऱ्हाईक फसते.

आणि शेवटी कान

आता मुख्य मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासच ऐकावा. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. कचेरीचा आठवडाही साधारण ४० तासांचाच असतो, हे ध्यानात घ्या. भोवती गोंगाट असला की आपण नकळत बटण वर सारतो. म्हणून गोंगाट बाहेर ठेवणारा बंद हेडफोन ही चैन नव्हे. ती कानाची राखण आहे. अंतःकर्णात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

तेव्हा हिशेब असा करावा : रुपयातले बारा आणे हेडफोनवर, गरज पडलीच तर तीन आणे डॅक-ॲम्प्लिफायरवर, आणि उरलेला आणा वायर वगैरेंवर. आवाज इतकाच ठेवावा, की शेजारच्या सहकाऱ्याने नाव घेऊन हाक मारली तर ती ऐकू यावी. तासाभराने हेडफोन उतरवावा, चहा घ्यावा, चार शब्द बोलावेत. यंत्र जुने झाले तर पुढच्या दिवाळीला दुसरे घेता येईल. कान मात्र एकाच जोडीचे मिळाले आहेत, आणि म्हातारपणी नातवंडांचे बोबडे बोलही त्यांनीच ऐकायचे आहेत.