वजनाचे ऑपरेशन झाले असेल, तर अंगदुखीची गोळी जपून!

रोवणी सुरू झाली की पवनी तालुक्यात दोन गोष्टींचा खप वाढतो. एक युरियाचा आणि दुसरा अंगदुखीच्या गोळीचा. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे रोवायचे, संध्याकाळी कंबर धरून धुऱ्यावर बसायचे आणि घरी जाताना दुकानातून दोन गोळ्या घ्यायच्या, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. आता गोसीखुर्दच्या पाण्यावर उन्हाळी धानही निघते, म्हणजे ही गोळी वर्षातून दोन हंगाम चालते.

धडधाकट माणसाला एखादी गोळी पचून जाते. पण ज्याच्या जठरावर ऑपरेशन झाले आहे, त्याला हीच गोळी दवाखान्यात नेऊन घालू शकते. शेतकरी बंधू-भगिनींनो, आजचा हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

तुम्ही म्हणाल, वजन कमी करण्याचे ऑपरेशन हे शहरातल्या श्रीमंतांचे काम, आमच्या गावात कोण करते? ही समजूत आता सोडावी. नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत असे ऑपरेशन करून घेतले, तेव्हा विदर्भात घरोघरी त्याची चर्चा झाली. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी रुग्णालयात ऑपरेशन झाले, ती बातमी जगभर गेली. आज ही ऑपरेशने नागपुरातही होतात. साखरेचा आजार, गुडघेदुखी आणि वाढते वजन यांना कंटाळलेला माणूस खेड्यातूनही भिवापूर-उमरेड मार्गे नागपूर गाठतो, ऑपरेशन करून परत येतो आणि काही महिन्यांनी पुन्हा बांधीत उतरतो. डॉक्टर नागपुरात राहतो, दुखणे मात्र गावात सुरू होते. खरी अडचण इथे आहे.

पोटात नेमके काय बदलते?

ही ऑपरेशने मुख्यतः दोन प्रकारची. पहिल्यात जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसरा प्रकार म्हणजे बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला एक लहानशी पिशवी तयार करून ती थेट आतड्याला जोडतात. कॅनॉलचे पाणी जुना पाट सोडून नव्या पाटाने काढावे, तसा हा प्रकार.

आता जठराला आम्लाची सवय असते, आतड्याला नसते. म्हणून बायपासनंतर जोड दिलेल्या जागी जखम, म्हणजे अल्सर, होण्याचा धोका कायम राहतो. जठराच्या आतल्या पातळ अस्तराचे रक्षण करणारे काही पदार्थ शरीर स्वतः तयार करते. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या नेमके हेच पदार्थ तयार होऊ देत नाहीत. दुखणे थांबते खरे, पण त्याबरोबर पोटाचे कुंपणही मोडते. कुंपण मोडलेल्या शेतात ढोरे शिरायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. जखम वाढली तर रक्तस्राव होतो, कधी आतडे फुटते आणि प्रसंग जिवावर बेततो.

हेच पथ्य आणखी एका मंडळींना लागू आहे. पूर्वी अल्सरचे ऑपरेशन करून जठर आतड्याला जोडून घेतलेली वयस्क माणसे आजही गावोगावी आहेत. त्यांचाही जोड तसाच नाजूक असतो.

कोणती गोळी टाळायची?

पाकिटावरचे मोठे नाव पाहू नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेले औषधाचे नाव वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, पिरॉक्सिकॅम आणि ॲस्पिरिन, ही सगळी एकाच कुळातली. ब्रुफेन, व्होव्हेरान, निमुलीड, डिस्प्रिन ही त्यांतलीच परिचित नावे. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल असते, पण त्यासोबत आयब्युप्रोफेनही असते. बायाबापड्या पाळीच्या दुखण्यावर मेफ्टाल-स्पास घेतात, त्यात मेफेनॅमिक ॲसिड असते. बायपास झालेल्याने या गोळ्या जन्मभर टाळाव्यात. नळीचे ऑपरेशन झालेल्यांना काही डॉक्टर पुढे थोड्या दिवसांसाठी, पोटाच्या संरक्षणाची गोळी जोडून परवानगी देतात. पण तो निर्णय ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचा. आपला नाही, दुकानदाराचाही नाही.

"मग इंजेक्शन घेतो, ते पोटात जातच नाही," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा मोठा गैरसमज आहे. डायक्लोफेनॅक कमरेत टोचले तरी ते रक्तातून सगळीकडे पोचते आणि जठराचे कुंपण तसेच मोडते. सांधेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्याही तितक्याच घातक. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत, आणि स्टेरॉइडनेही अल्सर चिघळतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. हृदयविकारासाठी डॉक्टरने ॲस्पिरिन सुरू केली असेल तर ती मनाने बंद करू नका. "माझे पोटाचे ऑपरेशन झाले आहे," एवढे त्यांना सांगा आणि ते म्हणतील तसे करा.

मग दुखल्यावर घ्यायचे काय?

साधे पॅरासिटामॉल. ते या कुळातले नाही आणि जठराला त्याचा तसा त्रास नाही. पण त्यालाही माप आहे. मोठ्या माणसासाठी ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत किमान सहा तासांचे अंतर. २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या, ही कमाल मर्यादा. शहाणपण म्हणून सहा गोळ्यांच्या आतच राहावे. सर्दी-तापाच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही या हिशेबात धरा. माप ओलांडले तर यकृत निकामी होते. मोहाची किंवा कोणतीही दारू घेणारा, कावीळ झालेला किंवा फार अशक्त झालेला माणूस असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय तीही घेऊ नये.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत मोठी गोळी अडकते. त्या काळात पातळ औषध किंवा चुरा करून चालणारी गोळी डॉक्टरकडून लिहून घ्या. नावापुढे 'एसआर' किंवा 'सीआर' अक्षरे असलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. नव्या पोटात तिचा भरवसा नाही, आणि ती फोडून तर मुळीच घेऊ नये.

शेक, मालिश, रात्रीची झोप आणि रोवणीत तासातासाने उभे राहून कंबर सरळ करणे, हे उपाय फुकटचे आहेत. त्यांना कमी लेखू नका. लावायच्या मलमाचा फार थोडा अंश रक्तात जातो, तरी डायक्लोफेनॅकचे मलम रोजचे करण्याआधी विचारून घ्यावे.

पाणी, बिडी आणि दुखण्याचे मूळ

लहान झालेल्या पोटात एका दमात तांब्याभर पाणी मावत नाही. उन्हाळी धानाच्या कापणीत माणूस घामाने निथळतो आणि पाणी कमी पडते. अशा सुकलेल्या शरीरात वरील कुळातली गोळी गेली की मूत्रपिंडावर घाला येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या सोबत असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणून बाटली जवळ ठेवून घोट-घोट पाणी दिवसभर प्या.

आपला भंडारा जिल्हा बिडीसाठी ओळखला जातो. पण बायपासच्या जोडाला धूम्रपानाइतका वैरी दुसरा नाही. बिडी आणि वेदनाशामक गोळी एकत्र आली, की अल्सरला आवतणच.

आणि मुळात दुखते कशाने, हे पाहा. ऑपरेशननंतर जीवनसत्त्व ब-१२, ड आणि कॅल्शियम शरीराला पुरेसे मिळत नाही. ठरवून दिलेल्या गोळ्या बंद केल्या की हाडे दुखतात, हातापायाला मुंग्या येतात. अशा दुखण्याला वेदनाशामक उपाय नाही. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडेही होतात. उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर ती गोळीने दाबू नका, तपासून घ्या. तीन दिवस पॅरासिटामॉल घेऊनही दुखणे हटत नसेल तर पवनीचे ग्रामीण रुग्णालय गाठा.

डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पोटात अचानक उठलेली जीवघेणी कळ, चक्कर येऊन घाम फुटणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते हे खरे, पण शंका असेल तर डॉक्टरला दाखवलेले बरे.

गावकारभाऱ्यांनो, तुमच्यासाठी

औषधांच्या नियमावलीतील अनुसूची 'के' प्रमाणे १,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावात किराणा दुकानदाराला परवान्याशिवाय काही घरगुती औषधे मूळ बंद वेष्टनात विकता येतात. पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिन त्या यादीत आहेत. डायक्लोफेनॅक नाही, ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचे औषध आहे. पाकिटावरची उभी लाल रेघ हीच खूण सांगते. तेव्हा सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी दुकानदाराला हे एकदा समजावून सांगावे. यादीतली ॲस्पिरिनदेखील ऑपरेशन झालेल्याला चालत नाही, हेही सांगावे. आशाताईंनी आपल्या गावात पोटाचे ऑपरेशन झालेली माणसे कोण, याची नोंद ठेवली तर मोठे काम होईल.

आणि ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांनी एक चिठ्ठी खिशात किंवा बटव्यात ठेवावी. ऑपरेशनचे नाव, तारीख, डॉक्टरचा फोन आणि खाली एक ओळ: "ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन देऊ नये." डॉक्टर असो, कंपाउंडर असो वा औषध दुकानदार, गोळी मागण्याआधी ही चिठ्ठी पुढे करावी. ऑपरेशनला लाखभर रुपये मोजले असतील, तर ते राखायला एवढा कागद जवळ बाळगणे काही जड नाही.