ट्रेलरचं शेपूट का हलतं?

मागच्या दिवाळीत आमच्या जुन्या सुमोला दोनचाकी ट्रेलर जोडून आम्ही सहकुटुंब भंडारदऱ्याला तंबू ठोकायला निघालो. घोटीच्या अलीकडे ताशी ७० कि.मी.ला ट्रेलर असा डुलायला लागला की आईने डोळेच मिटले. बाबांनी ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर सोडला, म्हणून निभावलं.

चूक माझीच. पाण्याचे कॅन, शेगडी, सगळं मी मागच्या फळीला रचलेलं. (आणि म्हणे मेकॅनिक्स शिकतोय!) वजन अ‍ॅक्सलच्या मागे गेलं की हुकवरचा भार घटतो आणि ट्रेलर लंबकासारखा झुलतो. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर हवा, म्हणजे ४०० किलोला ४० ते ६०. विटा रचून त्यावर घरचा वजनकाटा ठेवा, हुकच्या उंचीला ट्रेलरची दांडी टेकवा, झालं माप. फारच पुढे लादलंत तर मागचे पाटे दबतात, पुढची चाकं हलकी होतात.

आणि हो, जुन्या गाडीचं ब्रेक ऑइल आधी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस; पाणी मुरलं की १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात उकळलं की पेडल थेट तळाला! येताना कसारा घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्येच उतरलो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत बसले.