विद्यार्थ्यांचे नैराश्य : आळस नव्हे, आजार

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की चार-सहा दिवस विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाची चर्चा होते. अपयश पचवायला शिकवा, पालकांनी अपेक्षा लादू नयेत, असा उपदेश केला जातो आणि प्रवेशाची धावपळ सुरू झाली की विषय मागे पडतो. या हंगामी हळहळीमुळे एक गैरसमज मात्र पक्का होऊन बसला आहे. तरुणांचे नैराश्य म्हणजे निकालाच्या दिवशी बसलेला धक्का, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः हा आजार पुष्कळदा निकालाच्या कितीतरी आधी, वरकरणी काहीही बिघडलेले नसताना, हळूहळू घरात शिरतो. आणि उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलालाही तो सोडत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. राज्याची लोकसंख्या मोठी म्हणून आकडा मोठा, हे समर्थन अपुरे आहे. उत्तर प्रदेशाची लोकसंख्या महाराष्ट्राहून कितीतरी अधिक आहे. अर्थात या आकड्यांवरून नैराश्याचे मोजमाप होत नाही. प्रत्येक आत्महत्येमागे केवळ नैराश्यच असते असे नाही, आणि नैराश्यग्रस्तांपैकी बहुसंख्य त्या टोकाला जात नाहीत. ते महाविद्यालयात येतात, मागच्या बाकावर बसतात, हळूहळू येईनासे होतात. हजेरीपटावरील त्यांच्या गैरहजेरीची नोंद होते. कारणाची होत नाही.

बंगळुरूच्या ‘निमहान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. प्रौढांतील नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असेही तीतून दिसले. बारा राज्यांच्या त्या पाहणीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, ही गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते.

हा आजार ओळखायचा कसा? मोठ्या माणसाचे नैराश्य बहुधा उदास चेहऱ्याने दिसते. पौगंडावस्थेतील मुलाचे पुष्कळदा चिडचिडीने. मुलगा उलट उत्तरे देतो, जेवणावरून भांडतो, रात्र जागून काढतो आणि दुपारपर्यंत अंथरुणात राहतो. क्रिकेट, मित्र, तबला, जे जे आवडत होते ते सुटते. वाचलेले डोक्यात शिरत नाही. डोके किंवा पोट दुखते आणि तपासण्यांत काही सापडत नाही. अशी स्थिती दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि नित्याचे व्यवहार अडू लागले, तर तिला वयाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. दुर्दैवाने यातील बहुतेक लक्षणांना आपल्या घरांत आधीच नावे ठरलेली आहेत : आळशीपणा, मस्ती, मोबाइलचे वेड. मोबाइलने झोप मोडते हे खरेच; पण झोप येत नाही म्हणून मोबाइल हाती घेणारी मुलेही थोडी नाहीत.

या आजाराला आर्थिक बाजूही आहे आणि तिची चर्चा क्वचितच होते. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत मराठवाडा-विदर्भातून आलेले हजारो तरुण स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिकांत बसलेले असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी सुमारे १० लाख १७ हजार अर्ज आले, ५ लाख ९२ हजार उमेदवार पूर्वपरीक्षेला बसले आणि शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने बुडालेला खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. परंतु बापाने शेत गहाण ठेवून पाठवलेले पैसे आणि गेलेली चार वर्षे अशी विसरता येत नाहीत. जितकी वर्षे जातात तितके परत फिरणे महाग होते. गावात काय सांगायचे, हा प्रश्न त्या किमतीत भर घालतो. परिस्थितीने माणूस आजारी पडतोच असे नाही, पण आधीच खचू लागलेल्या मनाला अशा कोंडीतून वाट सापडणे अवघड. ‘आणखी एक प्रयत्न कर’ हा हितचिंतकांचा सल्ला तेव्हा ओझ्यासारखा वाटतो.

अशा वेळी घरच्यांनी आणि शिक्षकांनी काय करावे, याविषयी वैद्यकशास्त्र बरेच निश्चितपणे बोलू शकते. पहिली गोष्ट ऐकण्याची. ‘तुला काय कमी आहे?’ या प्रश्नाने संभाषण तेथेच संपते. मनात जीव देण्याचे विचार येतात का, असे स्पष्ट विचारण्यास पालक घाबरतात. विचारल्याने तो विचार रुजेल, अशी त्यांची समजूत असते. ती चुकीची आहे. शांतपणे विचारल्याने बहुधा मुलाला हायसेच वाटते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घेतली पाहिजे. एरवीही मानसोपचाराची काही सत्रे, गरज असेल तर औषधे, आणि झोप व व्यायामाची घडी, यांनी बहुतेक रुग्णांना गुण येतो. नैराश्यावरील औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, तरुणांच्या बाबतीत त्या पहिल्या आठवड्यांत अधिक लक्ष ठेवावे लागते, आणि मुलगा हसू लागला म्हणून घरच्यांनी परस्पर गोळ्या बंद करणे घातक ठरते. ‘कासव’ या मराठी चित्रपटात अशाच एका तरुणाला सावरणारी माणसे त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाहीत. त्या चित्रपटाला २०१७ मध्ये राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. त्यातला तो संयम घरोघर यायला मात्र वेळ लागेल.

केवळ कुटुंबाच्या समंजसपणावर हा भार टाकणे योग्य नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला, जिल्हा पातळीवरील योजना १९९६ मध्ये आली, आणि २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला. आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच स्थान द्यावे, असेही तो कायदा सांगतो. तरीही तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे तर बहुधा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. एसटीचे भाडे, बुडालेला रोजगार आणि खासगी डॉक्टरांची फी मिळून होणारा खर्च दोन-तीन खेपांतच झेपेनासा होतो. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली १४४१६ ही विनामूल्य ‘टेलि-मानस’ दूरध्वनी सेवा दिवसरात्र चालते. हा क्रमांक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावायला काहीच खर्च येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि शिकवणी वर्गांनी गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. हे अंमलात आणायचे तर पद, वेतन आणि दार लावता येईल अशी एक खोली लागेल. मराठीच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून समुपदेशन सोपवून कागद पूर्ण करण्याची वाट संस्थाचालकांना ठाऊक आहे, आणि विनाअनुदानित महाविद्यालयांत तर या पदाचा पगार शेवटी विद्यार्थ्यांच्याच शुल्कातून वसूल होण्याचा संभव अधिक. अनुदानाच्या सूत्रात हे पद बसवायचे की नाही, हे राज्य सरकारला ठरवावे लागेल.