घोरपड जेवत का नाही?

गेल्या थंडीत आसनगावला शेजारचा मुलगा धावत आला. "काका, पाच दिवस झाले, घोरपड काहीच खात नाही!" शेतात सापडलेलं पिल्लू त्याने खोक्यात ठेवलं होतं. पुढ्यात अंडं, खिमा. ते आपलं डोळे मिटून पडलेलं. त्याची आई म्हणाली, "चमच्याने भरवू का?"

मुळीच नको. घोरपडीच्या अंगाला आपल्यासारखी आतली ऊब नसते. ऊन मिळालं की अंग तापतं, मग पचन सुरू होतं. गार अंगात कोंबलेलं अन्न पोटातच कुजतं. थंडीत ती बिळात अंगातल्या चरबीवर दिवस काढते. शिवाय खोक्याभोवती माणसांचा घोळका; भीतीनेही भूक मरते. परदेशी इग्वाना पाळणाऱ्यांनीसुद्धा आधी ऊब आणि पाणी पाहावं, वजन घटत असेल तर प्राण्यांचा डॉक्टर गाठावा.

घोरपड मात्र पाळताच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती वाघाच्याच, म्हणजे पहिल्या अनुसूचीत आहे. वनखात्याला १९२६ वर फोन लावला. पोरगं रुसलं. वनरक्षक येईपर्यंत खोक्याच्या एका कोपऱ्यात कोवळं ऊन येईल असं ठेवलं. तासाभराने जीभ लपलपू लागली. अंड्याकडे मात्र तिने ढुंकूनही पाहिलं नाही!