ऐब झाकून सौदा नको

जुनी गाडी ओळखीच्या किंवा नात्यातल्या माणसाकडून घेताना ‘मेकॅनिकला दाखवून घेतो’ म्हणायला जीभ अडखळते. त्याला अविश्वास वाटेल, ही भीती. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत स्वतः हात घालून पाहिले होते. आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. तपासणे हा कुणाचा अपमान नव्हे.

जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात कित्येक गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. गाळाचे डाग तिथे राहतात. मॅटखाली कुबट वास येतो का, पाहा. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चॅसिस नंबर आरसीशी ताडून पाहा. गाडीवर कर्ज असल्यास बँकेची एनओसी मागा. फॉर्म २९ आणि ३० देऊन गाडी नावावर होईपर्यंत सौदा पुरा समजू नका. मेकॅनिक आपल्या माहितीचा न्या, विकणाऱ्याचा नको.

झाकलेला ऐब नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क फिकहने खरेदीदाराला दिला आहे. पण तोवर नात्यात कटुता येते. उद्या आपण गाडी विकायला काढू, तेव्हा तिचा ऐब आपणच आधी सांगावा. बरकत त्यातच आहे.