दहा फुटी पतंगाचा शोध



गेल्या वर्षी पेसाहच्या आधीची साफसफाई चालली होती. माझ्या नातवाने माळ्यावरची एक जुनी बॅग खाली काढली आणि तिच्यातला एक फोटो माझ्यापुढे धरला. "साबा, हा मुलगा कोण? आणि हे वर काय आहे, पॅराशूट?"

फोटोतला मुलगा म्हणजे त्याचाच बाप, वय बारा-तेरा. अश्दोदच्या वाळूत दोन्ही टाचा रोवून, मागे रेलून उभा आहे. हातात दोन पट्टे, पट्ट्यांना दोन दोऱ्या आणि वर निळा-पिवळा, दहा फूट रुंद पतंग. मी म्हटलं, "पॅराशूट नाही रे, अफीफॉन आहे. आपल्या मराठीत पतंग. मोठ्या पतंगाला गावाकडे वावडी म्हणतात, ही तशीच एक वावडी समज."

"मग आता कुठे आहे?"

घरात एकदम शांत झालं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. कारण तो पतंग मी १९९४ साली विकला होता, आणि मुलाला न विचारता विकला होता.

गच्चीपासून वाळूपर्यंत

माझा जन्म १९४९ चा, मुंबईतल्या इस्राएल मोहल्ल्याचा. संक्रांत आली की आमच्या चाळीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसे. कागदाचा पतंग, बांबूच्या दोन कामट्या, काचेची पूड लावलेला मांजा. एकाने फिरकी धरायची, दुसऱ्याने ढील द्यायची. बोटं कापायची, आई ओरडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्चीवर. (मुलांनो, तो काचेचा मांजा आम्ही वापरला, तुम्ही वापरू नका. त्याने पक्षी मरतात, माणसांचे गळे चिरतात. भारतात नायलॉनच्या मांज्यावर २०१७ पासून बंदी आहे.)

१९६९ साली आलिया करून आलो आणि पुढे अश्दोदच्या बंदरात कामाला लागलो. १९८६ मध्ये जहाजावरच्या एका इंग्रज खलाशाने एक लांबट पिशवी उघडून दाखवली. आत कापडाची घडी आणि तीन-चार तुकड्यांत सुटणारी एक लवचिक नळी. त्याने सुट्टीच्या वेळी तो पतंग वाळूवर उडवून दाखवला आणि पट्टे माझ्या हातात दिले. मी दोन पावलं नाही, चांगली दहा पावलं ओढला गेलो. सगळे हसले. त्याच दिवशी मी पतंग विकत घेतला आणि घरी येऊन बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

पुढची आठ वर्षं तो पतंग म्हणजे माझं आणि मुलाचं गुपित होतं. शिफ्ट लवकर सुटली की आम्ही दोघं समुद्रावर. तो लहान असताना मी मागून त्याचा कमरेचा पट्टा धरून ठेवायचो, नाहीतर वाऱ्याने उचललाच असता.

१९९४ साली कामावर माझी पाठ दुखावली. सहा महिने पुरा पगार नाही, बँकेत मायनस. एका ओळखीच्याने पतंगाला गिऱ्हाईक आणलं. महिन्याचा किराणा येईल इतके पैसे मिळाले. मुलगा शाळेतून आला, दाराच्या मागे पिशवी उभी असायची तिथे त्याने बघितलं, आणि काही बोलला नाही. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्यानंतर तो माझ्याबरोबर समुद्रावर कधी आला नाही. मीही विषय काढला नाही. अशी एकतीस वर्षं गेली.

ओढणारे पतंग

आमच्या गच्चीवरचा पतंग वर चढण्यासाठी आणि दुसऱ्याचा काटण्यासाठी. हा पतंग ओढण्यासाठी. म्हणून इंग्रजीत याला पॉवर काइट म्हणतात. ही कल्पना आजकालची नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात जॉर्ज पोकॉक नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी १८२६ साली पतंगाने ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. तेव्हा रस्त्याचा टोल घोड्यांच्या संख्येवर घेत. या गाडीला घोडाच नाही, मग टोल कसला घेणार! आपल्या जुन्या क्रिकेटवेड्या मंडळींसाठी सांगतो: डब्ल्यू. जी. ग्रेस या महान क्रिकेटपटूचे हे मास्तर आजोबा, आईचे वडील.

पुढे १९०३ साली सॅम्युएल कोडी यांनी पतंगाने ओढलेल्या लहान होडीतून इंग्लिश खाडी पार केली. अमेरिकेत डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६४ च्या सुमारास कापडी खोल्यांचा पतंग काढला. त्यात कामटी नाहीच, पुढून वारा आत शिरतो आणि उशीसारखा फुगून पंखाचा आकार येतो. आजची चौकोनी पॅराशूटं त्याच कल्पनेतून आली.

माझा पतंग फ्लेक्सिफॉइल जातीचा. १९७० च्या दशकात रे मेरी आणि अँड्र्यू जोन्स या इंग्लंडमधल्या दोन कला-विद्यार्थ्यांनी तो काढला. यात कापडी खोल्याही आहेत आणि पुढच्या कडेत एक लवचिक नळीही आहे. वारा भरला की नळी धनुष्यासारखी वाकते. साध्या पतंगासारखी कन्नी याला नाही. नळीच्या दोन टोकांना दोन दोऱ्या बांधल्या की झालं. उजवी ओढली की उजवीकडे, डावी ओढली की डावीकडे. सहा फुटी, दहा फुटी आणि बारा फुटी असे प्रकार होते. एकामागे एक जोडून त्यांची माळही उडवता येते. दहा फुटीचं नाव 'सुपर १०'.

शोध

नातू म्हणाला, "साबा, आपण तस्साच पतंग शोधू आणि अब्बाला देऊ." चौदा वर्षांच्या मुलाला सगळं सोपं वाटतं.

पहिल्यांदा दुकानं फिरलो. समुद्रावर फळी घेऊन उडणाऱ्या मुलांसाठी हवा भरायचे मोठे पतंग सगळीकडे मिळतात. मी फोटो दाखवला तर दुकानातला मुलगा म्हणाला, "सबा, हा तर म्युझियममधला!" मग लक्षात आलं की ही वस्तू दुकानात मिळणार नाही, माणसांकडे मिळेल. ज्यांनी तरुणपणी हा खेळ केला, त्यांच्या माळ्यावर मिळेल.

आम्ही बेत यनाईच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे वारा चांगला म्हणून शौकीन जमतात. एकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. नातू वहीत हिब्रूत लिहायचा, मी त्याच वहीत मराठीत. कोणाचा पतंग उंदरांनी खाल्ला होता, कोणाची नळी मोडली होती, कोणी सांगे "आहे, पण विकणार नाही."

चार महिन्यांनी बेरशेवाहून फोन आला: आहे, दहा फुटी, नव्यासारखा. बसने गेलो, पैसे दिले, घरी येऊन उघडला. पिशवी दहाची, आत पतंग सहाचा! नातवाचं तोंड एवढंसं झालं. फोन केला तेव्हा तो गृहस्थ बिचारा ओशाळला. वस्तू त्याच्या वारलेल्या भावाची होती, त्यालाच ठाऊक नव्हतं. त्याने सगळे पैसे परत केले आणि वर म्हणाला, "माझा भाऊ हैफाच्या बाजूच्या एका इंग्रज म्हाताऱ्याबरोबर उडवायचा. त्याचा नंबर भावाच्या डायरीत आहे, लिहून घ्या."

म्हणजे फसलेल्या खरेदीनेच खरा पत्ता दिला.

पतंगाची नाही, आमची परीक्षा

तो म्हातारा अतलितजवळ राहतो. माझ्याहूनही मोठा, दोन्ही गुडघे गेलेले. चहा दिला, बिस्किटं दिली, पण पतंग काही बाहेर काढीना. शेवटी नातवाला विचारलं, "भिंतीवर टांगणार की उडवणार?"

"उडवणार," नातू म्हणाला. "अब्बाला द्यायचाय. त्याचा साबाने विकला होता."

मी मान खाली घातली. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. काठी टेकत आत गेला आणि पिशवी घेऊन आला. लाल आणि काळा पतंग, आमच्यासारखा निळा-पिवळा नाही, पण दहा फुटीच. "तिघांना नाही म्हटलं," तो म्हणाला, "त्यांना शोभेला हवा होता."

मग त्याने नातवाला जुना पतंग कसा तपासायचा ते शिकवलं. मुलांनो, तुमच्यासाठी लिहून ठेवतो:

१. कापड उजेडासमोर धरा. सुईएवढी भोकं दिसतील. मग कापडाला ओठ लावून फुंका. हवा सहज आरपार गेली तर कापड म्हातारं झालं. उन्हाने असं होतं.

२. नळीचे तुकडे जोडून हळूच वाकवा आणि कान द्या. कर्रकन आवाज आला तर आत चीर आहे.

३. पुढच्या कडेची जाळी आणि शिवण बघा. वारा तिथूनच आत शिरतो.

४. दोऱ्या डायनीमाच्या असतात, बारीक पण फार मजबूत, जवळजवळ न ताणणाऱ्या. मात्र घर्षणाच्या उष्णतेने वितळतात, म्हणून टोकाला संरक्षक वेष्टण चढवून मगच गाठ मारतात.

५. दोन्ही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून ताणा. लांबी अगदी सारखी हवी.

६. पतंग खाऱ्या पाण्यात भिजला तर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, मगच घडी करा.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: वारा दुप्पट झाला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून मोठा पतंग थोड्या वाऱ्यातच आणि मोठ्या माणसाबरोबरच उडवायचा. दोऱ्या हाताला गुंडाळायच्या नाहीत. माणसं, विजेच्या तारा आणि विमानतळ यांपासून लांब राहायचं. धोका वाटला तर पट्टे सोडून द्यायचे. पतंग गेला तरी चालेल, हात राहिला पाहिजे.

म्हाताऱ्याने किमतीत एक शेकेल कमी केला नाही. पण नळीचा एक जादा तुकडा फुकट दिला. म्हणाला, "पैशाने पतंग मिळेल, हा तुकडा मिळणार नाही."

परतीच्या ट्रेनमध्ये नातू पिशवी मांडीवर घेऊन झोपला. मला झोप आली नाही. मुलगा काय म्हणेल याचाच विचार.

नित्सानिमच्या वाळूवर

सुक्कोतच्या सुट्टीत आम्ही सगळे नित्सानिमच्या किनाऱ्यावर गेलो. अश्दोदच्या तायेलेतजवळ उडवण्यात अर्थ नाही. वारा बहुधा समुद्रावरून येतो आणि पतंग फिरायला आलेल्या लोकांच्या डोक्यावर जातो. इथे मोकळी वाळू, आणि त्या दिवशी वारा उत्तरेचा, किनाऱ्याला जवळजवळ समांतर.

नातवाने पिशवी बापापुढे ठेवली. माझ्या मुलाने आज सेहेचाळिशी गाठली आहे, डोक्यावर केस थोडेच. त्याने चेन उघडली, कापडाला हात लावला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मी तयारी करून आलो होतो, चांगली चार वाक्यं पाठ केली होती. तोंडातून एकच निघालं, "तेव्हा तुला विचारायला पाहिजे होतं."

तो नळी जोडत होता. वर न बघता म्हणाला, "मला माहीत होतं अब्बा, पैसे नव्हते ते. विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, विका."

एवढंच. मग पतंग वर गेला आणि सारखा डावीकडे वळू लागला. मुलाने खाली उतरवला, दोऱ्या हातात घेतल्या आणि म्हणाला, "उजवी दोरी चार बोटं लांब आहे." म्हाताऱ्याने सांगितलेली पाचवी गोष्ट, तीच आम्ही घाईत विसरलो होतो! त्याने गाठ सारखी केली. दुसऱ्या वेळी पतंग सरळ चढला, कापड फुगलं, तो ओळखीचा घोंगावणारा आवाज आला. मुलाने टाचा वाळूत रोवल्या आणि मागे रेलला. नातवाने लगेच फोटो काढला.

थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "अब्बा, या, तुम्ही धरा." मी म्हटलं, माझं वय काय, पाठ काय! तो म्हणाला, "या हो, मी मागे आहे." मी पट्टे धरले. त्याने मागून माझा कमरेचा पट्टा घट्ट धरून ठेवला. पाच मिनिटं उडवला असेल. हात दोन दिवस दुखत होते, पण तक्रार नाही.

आता तो पतंग मुलाच्या घरी दाराच्या मागे उभा असतो. पहिला निळा-पिवळा कुठे आहे, देव जाणे. कुणाच्या तरी मुलाने उडवला असेल अशी आशा आहे.

वाचकांनो, तुमच्याही माळ्यावर एखादी जुनी वस्तू असेल. भोवरा, कॅरमचा स्ट्रायकर, फिरकी. फेकण्याआधी घरातल्या मुलांना दाखवा आणि तिची गोष्ट सांगा. आणि मुलांनो, तुम्ही आजी-आजोबांना विचारा. त्यांना मराठीतच सांगू द्या. समजलं नाही तर पुन्हा विचारा, आम्हाला वेळ भरपूर आहे.